अफवा ज्या गटातून गेली, त्याच गटात दुरुस्ती का येत नाही?

मालदांडी
शनिवार, रात्री ९:४०

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी जमावानं पाच माणसांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा मजकूर त्या भागातल्या मोबाइलवर आधीपासून फिरत होता. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांच्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, खवे-मानेवाडीकडचे. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं मारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं या प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली.

मी मूळचा मंगळवेढ्याचा, आता जुळे सोलापुरात राहतो. आज धागा काढायचं कारण असं की आमच्या भागातल्या एका गटात परत तसलीच व्हॉइस नोट आली. शाळेबाहेर पांढरी व्हॅन, त्यात साडी नेसलेले पुरुष, पालकांनी सावध राहावं. कुठली शाळा, कुठला दिवस, काही नाही. पुढं पोलिसांनी असं काहीही घडलेलं नाही म्हणून सांगितलं, पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. गटात त्याबद्दल एक अक्षर नाही. ज्यांनी नोट टाकली त्यांनी काही लिहिलं नाही आणि बाकीच्यांनी विचारलंही नाही. ज्या आयांनी ती ऐकली, त्यांच्यातल्या अनेकींच्या लेखी ती व्हॅन अजूनही सोलापुरात फिरतेय.

मला एवढंच मांडायचंय. खोटी बातमी ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेनं आणि त्याच माणसाच्या तोंडून दुरुस्ती गेली पाहिजे. पोलिसांचा खुलासा, पत्रकार परिषद, एखाद्या संकेतस्थळाची पडताळणी, हे सगळं चांगलंच आहे. पण नणंदेनं पाठवलेलं खोटं नणंदच मोडू शकते. तिच्यावर विश्वास होता म्हणून तर ते ऐकलं गेलं.

व्हॉट्सअॅपनं आपल्या परीनं बदल केले. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली, पुढं ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १६ एप्रिल २०२० ला, पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथंही चोरांची आणि मुलं पळवणाऱ्यांची अफवा होतीच.

यंत्रानं वेग कमी होतो, पण एकदा ऐकलेलं मनातून जात नाही. ते काढायला माणूस लागतो. प्रत्येक गटानं असा नियम करावा का? करायचा तर कसा? मोकळेपणानं लिहा.


हुरडापार्टी
शनिवार, रात्री १०:०५

+१. खवे गावाचं नाव आता कुणाला आठवतही नाही. लिहिलंत ते बरं केलंत.


कोर्टगल्ली
शनिवार, रात्री ११:२०

मालदांडी, मी वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू जरा सविस्तर लिहितो. "सायबर कायद्यात आत टाका" हे वाक्य प्रत्येक गटात ऐकू येतं आणि ते फार ढोबळ आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं एक कलम होतं. २००८ च्या दुरुस्तीनं आलं. त्रासदायक, गैरसोयीचं, अतिशय आक्षेपार्ह असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. शब्द इतके सैल की त्यात काय बसत नाही तेच सांगता येईना. ते कुणावर चाललं बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्याबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. मग श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलं. म्हणून कुणी "कडक कायदा करा" म्हटलं की मी आधी विचारतो, तो कुणाच्या हातात जाणार आहे?

अफवेसाठी आज भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे, जुन्या ५०५ च्या जागी आलेलं. लोकांत घबराट माजावी किंवा दोन समाजांत वैर वाढावं म्हणून खोटी माहिती पसरवली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण त्यात अपवादही आहे. मजकूर खरा मानायला सबळ कारण होतं, हेतू तसा नव्हता आणि सद्भावनेनं पाठवला, तर तो गुन्हा होत नाही. मालदांडींची सूचना इथं जुळते. लोक दुरुस्ती का टाकत नाहीत? लाज हे एक कारण, पण भीती मोठी असते. "मी टाकलं ते खोटं होतं" असं लिहिलं की आपणच कबुली दिली, असं वाटतं. माझ्या मते उलट आहे. कळल्याबरोबर त्याच गटात स्वतःहून दुरुस्ती केली, तर सद्भावना दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? प्रत्येक खटला वेगळा असतो, हमी कुणीच देऊ नये. तरीही गप्प बसणाऱ्यापेक्षा दुरुस्ती करणारा जास्त सुरक्षित आहे, हे मी अशिलांनाही सांगतो.

गटाच्या अॅडमिनला उगाच घाबरवू नका. सदस्यानं काही टाकलं म्हणून केवळ अॅडमिन असल्यामुळे तो दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. अॅडमिनचा स्वतःचा त्यात हात किंवा संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हा नियम कायद्यात घालू नका. गटाची रीत म्हणूनच राहू द्या. सक्ती केली की लोक गप्पच बसतील.


टेंभुर्णी_बायपास
रविवार, सकाळी ७:५०

मालदांडी आण्णा, भावना समजतात, पण एक वेगळं बोलतो. गटांवर कुठलाही नियम आला की तो खालच्यावरच बसतो. गल्लीतल्या पोरानं चुकीचं काही टाकलं की सगळे त्याला दुरुस्ती मागणार. निवडणुकीत प्रत्येक बूथचे गट असतात, दिवसभर पक्षाचा मजकूर येऊन पडतो, त्यातलं खोटं निघालं तर कुठला नेता येऊन दुरुस्ती टाकणार?

आणि मोबाइलनं वाईटच केलं असंही नाही. आपल्याच माढा तालुक्यातलं कुर्डू घ्या. २०२५ मध्ये मुरूम उपशावर कारवाई करायला गेलेल्या महिला पोलीस अधिकाऱ्याशी, तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांचं फोनवर जे बोलणं झालं, ते देशभर दिसलं. त्यांना खुलासा करावा लागला. पंधरा वर्षांपूर्वी ते संभाषण गावाच्या वेशीबाहेर गेलं नसतं. मारकडवाडीनं डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर गावातच फेरमतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, तरी त्या छोट्या गावाचं म्हणणं दिल्लीपर्यंत पोचलं. त्यांचं बरोबर की चूक, तो वेगळा वाद. पण पोचलं ते याच फोनमुळे. आता "आधी खात्री करा, मग टाका" असं म्हणत बसलो, तर खरंही दाबलं जाईल.


मालदांडी
रविवार, सकाळी ८:३०

@टेंभुर्णी_बायपास, म्हणूनच मी "आधी थांबा" असं म्हणत नाहीये. टाका. पण खोटं निघालं तर परत येऊन सांगा. नेत्याला हा नियम लावता येणार नाही हे मान्य. पण त्याचा मजकूर आपल्या गटात आणणारा कार्यकर्ता आपल्याच गल्लीतला असतो, रोज भेटतो. त्याला विचारता येतं.


विडीघरकुल
रविवार, दुपारी १:१५

मी विडी घरकुलमध्ये राहते. आई विड्या वळते, मी एका दुकानात हिशेब बघते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. इथं सगळे मराठीत लिहितायत म्हणून एक गोष्ट राहून गेलीये असं वाटतं.

आमच्या बायकांच्या गटात लिहिलेलं फार कमी असतं. विड्या वळताना हात मोकळे नसतात. फोन सुपाशेजारी ठेवतात आणि आवाज लावून ऐकतात. त्यामुळे अफवा येते ती व्हॉइस नोटमधून, आणि बहुतेक वेळा तेलुगूत. कुठून निघाली देव जाणे, हैदराबादकडून असेल, पण बोलणं आपल्या माणसासारखं असतं, "अक्का, वदिना" करून. मग खुलासा येतो तो पोलिसांच्या मराठी पत्रकाचा फोटो, बारीक अक्षरांचा. तो कोण वाचणार? माझ्या आईला मराठी बोलता येतं, पण वाचताना अडखळते. तिच्यासाठी अफवा पोचली आणि खुलासा आलाच नाही.

सोलापुरात चार भाषा रोजच्या आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि विजापूर वेशीकडं दखनी उर्दू. एखाद्या विडी कारखान्याच्या दारात माल द्यायला उभं राहिलं की चारही कानावर पडतात. खोटी बातमी या भाषांच्या भिंती सहज ओलांडते, कारण कुणीतरी हौसेनं ती आपल्या भाषेत परत बोलून पाठवतं. आणि नव्यानं बोललं की त्यावर फॉरवर्ड केल्याची खूण उरत नाही. मालदांडींनी ती पाच जणांची मर्यादा लिहिलीये, ती आवाज परत रेकॉर्ड करणाऱ्याला लागूच होत नाही.

म्हणून मी म्हणेन, त्याच गटात एवढं पुरत नाही. त्याच भाषेत हवी आणि आवाज असेल तर आवाजातच हवी.

अजून एक. अफवा फक्त मुलं पळवण्याच्या नसतात. "लाडकी बहीण बंद झाली", "विडी कामगारांची पेन्शन थांबणार, आजच्या आज ह्या लिंकवर माहिती भरा", असले मेसेज येतात तेव्हा बायका मजुरी बुडवून रांगेत जाऊन बसतात. लिंकवर माहिती भरली तर खात्यातले पैसेही जातात. विड्या वळून वळून बोटांच्या रेषा झिजल्यात, अंगठा मशीनवर लागत नाही, त्यामुळे आपलं नाव कापलं जाईल ही भीती त्यांच्या मनात कायमच असते. खोट्या मेसेजला तीच भीती सापडते. अशा वेळी कुणी दुरुस्ती टाकली नाही, तर तो नुसता गैरसमज राहत नाही, चूल पेटत नाही त्या दिवशी.


हुरडापार्टी
रविवार, दुपारी २:००

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन करा म्हणून सांगा सगळ्यांना. जेवढ्या लवकर कळवू तेवढी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सोलापूरकरांना हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही, मार्शल लॉचं साल आहे.


पार्क_चौक
रविवार, संध्याकाळी ६:४५

साल निघालंच आहे म्हणून लिहितो. माझं आयुष्य एका दैनिकाच्या उपसंपादकाच्या टेबलावर गेलं.

१९३० च्या मे महिन्यात इथं लष्करी कायदा लागला तेव्हा गांधी टोपी घातली, झेंडा लावला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे "गझनफर" नावाचं पत्र चालवत. काय बोलायचं आणि काय खरं मानायचं हे सरकार ठरवतं तेव्हा काय होतं, ते या शहरानं भोगलंय. म्हणून कोर्टगल्लींशी मी पूर्ण सहमत आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये नियम बदलून, आपल्या कारभाराविषयीचा कुठला मजकूर खोटा हे ठरवणारा स्वतःचाच पडताळणी कक्ष नेमायची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. मला त्या निकालानं बरं वाटलं. ज्याच्यावर टीका करायची, तोच टीका खोटी की खरी ते ठरवणार असेल तर कसं चालेल?

पण मग खोट्याचं काय करायचं? आमच्या धंद्यात त्याला रीत होती. चुकीचं छापलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. ती लहान अक्षरांत, कोपऱ्यात जायची, हा आमचा दोष होता आणि वाचक त्यावर रागवायचे ते योग्यच होतं. तरी रीत होती. तिच्यामागं संपादकाचं नाव होतं, छापखान्याचा पत्ता होता, उद्या त्याच वाचकाच्या दारात परत जायचंय ही जाणीव होती. आज प्रत्येकाच्या हातात छापखाना आला, पण ही रीत काही सोबत आली नाही. ती कुणी शिकवलीच नाही. शाळेत मोबाइलचे धोके सांगतात, पासवर्ड सांगू नका म्हणतात. चुकीचं पसरवलं तर परत जाऊन कसं सांगायचं, हे कुठल्या वर्गात शिकवतात?

एक तांत्रिक सूचना. मजकूर नुसता डिलीट करू नका. "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढंच दिसलं की लोकांना वाटतं, खरं होतं म्हणून दाबलं. शिवाय तो पुढं ज्यांना गेला त्यांच्याकडं राहतोच. आधी त्याच मेसेजला उत्तर म्हणून दुरुस्ती लिहा, चार दिवस राहू द्या.


सांगोला_पाटील
रविवार, रात्री ९:१०

मी माजी पोलीस पाटील. सांगोला तालुक्यातलं गाव आमचं, दुष्काळी पट्टा. गावाकडं हे कसं हाताळतो ते लिहितो.

रात्री अकराला फोन येतो, "पाटील, शेजारच्या गावात पोरगं उचललं." मी तीन गोष्टी विचारायचो. कुणाचं पोरगं? कुणी बघितलं? त्या गावच्या पाटलाशी कोण बोललं? निम्म्या वेळा पहिल्याच प्रश्नाला समोरचा गप्प व्हायचा. मग मी स्वतः त्या गावच्या पाटलाला फोन लावायचो. तो म्हणायचा, "अहो, माझ्याकडं तर तुमच्या गावाचं नाव आलंय." दोन्ही गावं एकमेकांच्या नावानं जागी. ते कळलं की देवळाच्या भोंग्यावरून दोघांनीही आपापल्या गावात सांगायचं. भोंग्यावर ओळखीचा आवाज आला की माणसं काठ्या ठेवून झोपायला जातात. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतायत म्हणून कितीतरी गावं जागी राहिली, तेव्हाही हेच करावं लागलं.

आता ग्राम सुरक्षा यंत्रणा आलीये. एक फोन केला की गावातल्या सगळ्या मोबाइलवर तोच आवाज जातो. वणवा, पूर, चोरी, सगळ्याला उपयोगी. पण घाबरलेल्या माणसानं त्यावर अफवा सांगितली तर ती मिनिटात घरोघर. म्हणून दुरुस्तीचा नियम तिथंही पाहिजे.

राईनपाड्यासारखं होऊ नये म्हणून माझी एक सूचना आहे. जे लोक भिक्षेसाठी, व्यवसायासाठी फिरतात त्यांनी गावात शिरण्याआधी ठाण्यात नाव नोंदवावं. ठाण्यानं त्यांचा फोटो आणि ओळखपत्र त्या भागातल्या गटांवर टाकावं. गावाला आधीच कळलं की संशय राहत नाही. त्यांचाच जीव वाचेल.


सेटलमेंट_फ्री_कॉलनी
रविवार, रात्री ११:३५

पाटील, तुमचा हेतू चांगला आहे हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तुम्ही गावं शांत केलीत. तरीही तुमची शेवटची सूचना वाचून मला उठून बसावं लागलं.

सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. माझे पणजोबा, आजोबा त्या तारेच्या आत राहिले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात ठराविक जमातींत जन्मलेला प्रत्येक जण संशयित. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. बाहेर जायचं तर दाखला घ्यायचा, ज्या गावात जाल तिथं तो दाखवायचा. गिरणीत कामाला जायचे, तेही मोजून. देश स्वतंत्र झाला तरी आमचा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. म्हणून आम्ही तो दिवस पाळतो. कुंपण त्यानंतरही होतंच. १९६० साली पंडित नेहरू इथं आले, त्यांच्या हस्ते ती तार तुटली, हे आमच्या वस्तीत लहानपणापासून ऐकत आलोय.

आता तुम्ही सांगताय ते काय आहे? गावात शिरण्याआधी ठाण्यात नाव, आणि फोटो गटांवर. ती हजेरीच झाली. फरक एवढाच की तेव्हा रजिस्टर पोलिसाकडं असायचं, आता ते हजारो अनोळखी लोकांच्या फोनमध्ये जाईल आणि कधीच पुसलं जाणार नाही. एखाद्या गावात कुणाची कोंबडी चोरीला गेली की तोच फोटो परत फिरेल, खाली "हेच ते" असं लिहून.

डवरी गोसावी सरकारी यादीत भटक्या जमातीत येतात, आम्ही विमुक्तांत. पण संशय आम्हा सगळ्यांवर सारखाच येतो. राईनपाड्यात मेलेल्यांजवळ ओळखपत्रं होती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. उपयोग झाला का? जमावानं कागद वाचायचं ठरवलंच नव्हतं. इंटरनेटनं हा संशय जन्माला घातला नाही, तो दीडशे वर्षं जुना आहे. त्याला फक्त पाय फुटले. अफवा सूटबूट घातलेल्या माणसावर येत नाही. झोळीवाल्यावर येते, वेगळं बोलणाऱ्यावर, वेडसर बाईवर येते.

त्याच सुमारास मालेगावातही मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं घेरलं होतं, त्यांच्यात एक लहान मूलही होतं. तिथल्या लोकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस येईपर्यंत सांभाळलं, आणि ते वाचले. त्यांनी नोंदणी विचारली नव्हती. नियम करायचाच असेल तर तसा करा, की गटात कुणाही फिरस्त्याचा फोटो पडला, तर टाकणाऱ्याला लगेच थांबवायचं.


सांगोला_पाटील
सोमवार, सकाळी ६:५५

हजेरीचा हा इतिहास मी या बाजूनं कधी ऐकला नव्हता. फोटो गटावर टाकायची सूचना मागं घेतो. मग माझ्यासारख्यानं नेमकं काय करावं? गावात अनोळखी माणसं आली की बायाबापड्या घाबरतात, तेही खरंच आहे ना.


सेटलमेंट_फ्री_कॉलनी
सोमवार, सकाळी ८:१०

तुम्ही जे आधीच करत आलात तेच, पाटील. गावानं तुम्हाला विचारावं, तुम्ही जाऊन त्या माणसांशी बोलावं, चहा पाजावा, आणि भोंग्यावर तुमच्या आवाजात सांगावं की मी भेटलोय, मंगळवेढ्याकडची माणसं आहेत, दोन दिवस आहेत. नोंद ठेवू नका. तुम्ही जबाबदारी घेतलीत हे गावाला कळलं की पुरे.


कोर्टगल्ली
सोमवार, सकाळी १०:२५

यात कायद्याचा आधार जोडतो. १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा समन्वय अधिकारी हवा, अफवांवर लक्ष हवं, बळीच्या कुटुंबाला भरपाईची योजना हवी. म्हणजे लक्ष ठेवायचं ते जमाव जमवणाऱ्यांवर आणि मजकुरावर. फिरस्त्यांवर पाळत ठेवा असं त्यात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०३(२) मध्ये जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांच्या गटानं केलेल्या खुनाला स्वतंत्र तरतूद आलीये.

आणि सगळ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. चिथावणीचा मजकूर दिसला तर नुसता स्क्रीनशॉट घेऊन बसू नका. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय की मूळ उपकरण न्यायालयापुढं आणता आलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ खाली आहे. मूळ मेसेज पुसला की अडचण होते.


टेंभुर्णी_बायपास
सोमवार, दुपारी १२:४०

सेटलमेंटवाल्या दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. गटावरचा फोटो ही हजेरी आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. नेत्यांबद्दल माझं मत कायम आहे. पण गल्लीपुरता नियम मला चालेल. फक्त दुरुस्ती टाकणाऱ्याची कुणी टर उडवायची नाही, हे त्यात पाहिजेच. पोरं त्यालाच घाबरतात.


मालदांडी
सोमवार, रात्री ९:००

सगळ्यांचं घेऊन गटात टाकायचा मजकूर केलाय. सुधारणा सुचवा.

"नमस्कार. या गटात आलेली एखादी बातमी खोटी निघाली, तर ज्यांनी टाकली त्यांनीच त्याच मेसेजला उत्तर देऊन तसं सांगावं. आवाजात आली असेल तर आवाजात, ज्या भाषेत आली त्या भाषेत. पुढं ज्या गटांत पाठवली असेल तिथंही सांगावं. मूळ मेसेज लगेच काढू नये. जो दुरुस्ती करेल त्याला कुणी बोल लावणार नाही, त्याचे आभार मानले जातील. गावात, गल्लीत फिरणाऱ्या, भिक्षा मागणाऱ्या, व्यवसाय करणाऱ्या अनोळखी माणसांचे फोटो किंवा व्हिडिओ इथं टाकू नयेत. खरंच काही घडलं असेल तर ११२ वर फोन करावा. पैशाची फसवणूक असेल तर १९३०."

सक्ती कुठंही लिहिलेली नाही. कोर्टगल्ली म्हणतात तशी रीत म्हणूनच ठेवलीये.


पार्क_चौक
सोमवार, रात्री ९:३५

चांगलं झालंय. "बोल लावणार नाही" हे वाक्य सगळ्यात वर घ्या. ते वाचूनच लोक पुढचं वाचतील.


विडीघरकुल
मंगळवार, सकाळी ९:२०

तेलुगूत आवाज करून बघितला आणि आईला ऐकवला. ती म्हणाली, दुरुस्तीची नोट सुरू होताना पहिल्याच वाक्यात "ही बातमी खोटी आहे" असं यायला हवं. आधी अफवा परत सांगितली आणि मग खोटी म्हटलं, तर बायका अर्धवट ऐकून तीच पुढं पाठवतात. हे मजकुरात घाला. आमच्या दोन गटांत आजच टाकते.


अक्कलकोट_नाका
मंगळवार, सकाळी १०:०५

नुसता वाचत होतो. कन्नडचा आवाज मी करतो. वागदरी-मैंदर्गीकडचे गट आहेत माझ्याकडं, सीमेपलीकडचे पाहुणेही त्यात आहेत, त्यामुळे आळंद-अफझलपूरकडंही जाईल.


विजापूर_वेस
मंगळवार, सकाळी ११:३०

दखनीचं माझ्याकडं द्या. पुस्तकी उर्दूत बोललो तर आमच्या खालाजान ऐकणार नाहीत, घरात बोलतो तसंच बोलेन. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांच्या आवाजात केलं तर अजून चांगलं, त्यांना जुम्म्यानंतर विचारतो.


मालदांडी
मंगळवार, दुपारी १:५०

@विडीघरकुल, पहिल्या वाक्याची सूचना घेतली. @पार्क_चौक, ते वाक्य वर आणलं. बदललेला मजकूर आमच्या गटात आत्ताच टाकला आणि त्या व्हॅनच्या नोटला उत्तर म्हणून पोलिसांचा खुलासाही टाकला. ज्यांनी ती नोट टाकली होती त्यांना आधी घरी जाऊन भेटलो, त्या स्वतःच्या आवाजात संध्याकाळी सांगणार आहेत. कन्नड आणि दखनीचे आवाज तयार झाले की याच धाग्यावर कळवा, खवे-मानेवाडीकडच्या गटांत मी नेऊन देतो.